कुत्रा आमचा, घाण कोणाची?

दिवाळी झाली की दोन-तीन महिने मी बडोद्याला लेकीकडे जाते. ती आणि जावई दोघंही नोकरीला, नातवाची शाळा सकाळची, तेव्हा आज्जी घरात असली की सगळ्यांनाच बरं पडतं. जाताना पिशवीत कुंद्याचे डबे असतात, येताना त्याच पिशवीत लिलो चेवडो. पुण्याला गाडी बदलायची आणि बडोद्याला उतरलं की रिक्षावाल्याशी मोडक्या गुजरातीत बोलायचं, हे आता अंगवळणी पडलं आहे. गुजरातीत अडले की माझ्या तोंडून कानडीच बाहेर येतं. नातू त्यावर पोट धरून हसतो.

गेल्या खेपेला दार उघडलं तर स्वागताला नातवाच्या आधी एक पिवळट रंगाचं धूड अंगावर आलं. जावयांनी कुत्रा आणला होता. लॅब्रॅडॉर, नाव शेरू. नावाप्रमाणे शेर वगैरे काही नाही, फुगा फुटला तरी पलंगाखाली शिरतो. पण प्रेमळ फार. दोन दिवसांत तो माझ्या पायाशी झोपू लागला आणि चौथ्या दिवशी त्याला सकाळी फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं. कसं आलं ते कळलंच नाही. घरातली कामं आज्जीकडे अशीच न सांगता येतात.

कुत्रं मला नवीन नाही. बेळगावला आमच्या माहेरच्या घरी परड्यात कायम एक तरी कुत्रं असायचं. पण त्याला साखळी नव्हती, पट्टा नव्हता, ‘फिरवणं’ हा शब्दच नव्हता. रात्रीची उरलेली भाकरी ताकात कुस्करून घातली की संपलं. त्याचं काय ते मागच्या शेतात तो स्वतःच उरकून यायचा आणि कुठे गेला होता हे कुणी विचारायचं नाही. आता शेतं राहिली नाहीत. कुत्रं परड्यातून दुसऱ्या मजल्यावर आलं, सोफ्यावर बसू लागलं, त्याचा वाढदिवस होऊ लागला. त्याचं ‘मागचं शेत’ तेवढं गेलं, आणि त्या जागी सगळ्यांचा रस्ता आला.

लेकीची सोसायटी कारेलीबागेत. पुढे एक मोकळी जागा आहे, तिला तिकडे ‘कॉमन प्लॉट’ म्हणतात. सकाळी तिथे पोरं क्रिकेट खेळतात, नवरात्रात गरबा, एरवी कुणाच्या लग्नाचा मांडव. त्या प्लॉटच्या कडेने एक वाट रस्त्यावर जाते आणि कोपऱ्यावर विजेची डीपी आहे. शेरूची ठरलेली जागा ती. जावयांनी पहिल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं, पट्टा कसा धरायचा, दुसरी कुत्री आली तर काय करायचं. डीपीजवळ पोचल्यावर काय करायचं ते तेवढं सांगितलं नाही. ते मी बाकीच्यांचं बघून शिकले.

बाकीचे काय करतात? वर बघतात. सकाळी साडेसहाला त्या रस्त्यावर पाच-सहा जणं कुत्री घेऊन निघतात. कुत्रं गोल फिरून खाली बसलं की त्याचा मालक हटकून आभाळाकडे बघायला लागतो. कुणाला पोपटांचा थवा दिसतो, कुणाला मोबाईलमध्ये अगदी तेव्हाच मेसेज येतो. एक गृहस्थ तर समोरच्या भिंतीवरची शिकवणीची जाहिरात रोज वाचतात, त्यांची मुलं एव्हाना परदेशी गेली असतील. कुत्र्याचं झालं की ‘चल बेटा’ म्हणून सगळे पुढे. मीही आठवड्याभरात पक्की तयार झाले. मी चाफ्याच्या झाडाकडे बघायची.

इथे एका शब्दाची अडचण आहे, ती आधीच सांगून टाकते. वर्तमानपत्रात या गोष्टीला ‘विष्ठा’ म्हणतात, घरात ‘शी’ म्हणतात, आणि भांडणात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी घरातला शब्द वापरणार आहे. पानावर तो वाचून नाक मुरडलं तरी चालेल, एरवीही आपण तेच करत आलो आहोत.

एके दिवशी नातवाला बरं नव्हतं म्हणून उशीर झाला. मी शेरूला घेऊन उतरले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. डीपीजवळ रस्ता झाडणाऱ्या बेन बसल्या होत्या. तिकडे बाईमाणसाला बेन म्हणतात, आपल्या अक्कासारखं. पदर नाकाला गच्च बांधलेला, हातात पुठ्ठ्याचा तुकडा, आणि त्या पुठ्ठ्याने त्या रस्त्यावरची वाळलेली शी खरवडून टोपलीत टाकत होत्या. कालची, परवाची, सगळ्या बंगल्यांची. हातात मोजे नव्हते. खराट्याने ती निघत नाही, फक्त पसरते, म्हणून पुठ्ठा.

मला वाटलं आता ही बाई मला फाडून खाणार. मनात उत्तरंही जुळवून ठेवली, की इथे भटकी कुत्री काय कमी आहेत, त्यातली आमची कुठली हे कशावरून. पण त्या ओरडल्या नाहीत. शेरूकडे बघून त्यांनी विचारलं, “बा, आ तमारो?” मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, “बा, एने करमिया छे.” मला कळलं नाही. त्यांनी बोटाचं टोक दाखवलं. तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी त्याच्या शीमध्ये गेले आठ-दहा दिवस दिसतं, ताज्यात वळवळतं, म्हणजे कुत्र्याच्या पोटात जंत आहेत, औषध द्या, घरात पोर आहे ना, असं त्यांनी गुजराती आणि हिंदी मिसळून मला सांगितलं.

मी घरी आले आणि बराच वेळ गप्प बसले. ते कुत्रं माझ्या पायाशी झोपत होतं. नातू त्याच्या तोंडाला तोंड लावत होता. त्याच्या आंघोळीचा शाम्पू वेगळा, खाण्याची पिशवी हजारो रुपयांची. आणि त्याला आठ-दहा दिवस काय होतंय हे घरातल्या चौघांपैकी एकाला माहीत नव्हतं. माहीत होतं ते त्या बाईला, जिला आम्ही नावानेसुद्धा ओळखत नव्हतो. कारण बघत होती ती एकटी. आम्ही चाफा बघत होतो.

त्याच संध्याकाळी जावई शेरूला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बेनचं निदान तंतोतंत बरोबर निघालं. तांदळासारखे दिसणारे ते दाणे म्हणजे पट्टकृमीचे सुटलेले तुकडे. हा जंत पिसवांतून येतो. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि पिसूच्या पोटातली जंताची पिल्लावळ त्याच्या आतड्यात वाढते. लहान मूल कुत्र्याशी खेळताना चुकून अशी पिसू गिळलं तर त्यालाही हा जंत होऊ शकतो. औषध साधंच निघालं, पिसवांवरही उपाय झाला. नातवाला काही झालेलं नव्हतं, पण लेकीचा चेहरा दोन दिवस उतरलेला होता.

डॉक्टरांनी त्या निमित्ताने जे समजावलं ते प्रत्येक कुत्रेवाल्या घराने कान देऊन ऐकावं असं आहे. कुत्र्याच्या पोटात गोलकृमी नावाचा आणखी एक जंत असतो, पिल्लांत तर फारच. त्याची अंडी शीवाटे बाहेर पडतात. गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की ती अंडी ताजी असताना बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे गेले की त्यांच्यात अळी तयार होते आणि मग ती बाधतात. शी वाळून, विरून, पावसात वाहून दिसेनाशी होते, आपल्याला वाटतं झाली नाहीशी. अंडी मात्र मातीत महिनोन्‌महिने टिकून असतात. त्या मातीत खेळणाऱ्या पोराने हात तसाच तोंडात घातला की ती पोटात जातात. तिथून अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यातही शिरतात. डोळ्यात गेली तर नजर जायची भीती. म्हणजे ज्या दिवशीची शी त्याच दिवशी उचलली तर धोका जवळजवळ तिथेच संपतो. राहिली तर तो वाढतो. ‘आपोआप जिरून जाईल’ हे आपलं लाडकं म्हणणं नेमकं उलटं आहे.

अंकुशकृमीचं वेगळंच. त्याच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात आणि कातडीखाली नागमोडी लाल रेघ उमटते, खाज सुटते. अनवाणी कोण चालतं? पोरं, माळी, आणि झाडूवाल्या. शिवाय कुत्र्यांचंही नुकसान आहेच. पार्वो नावाच्या रोगाने लस न टोचलेली पिल्लं पटापट मरतात. त्याचा विषाणू शीवाटे पडतो आणि जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतो. आपल्या कुत्र्याची शी दुसऱ्याच्या पिल्लाने हुंगली एवढंच पुरतं.

बडोद्याला हे सगळं आणखी नीट कळतं, कारण तिथे पाणी घरात येतं. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. त्या नदीत मगरी आहेत, त्या रस्त्यांवर दिसल्या, आणि देशभर टीव्हीवर मगरीच दाखवल्या गेल्या. लेक म्हणते, मगर आमच्याकडे आली नाही, पण तळमजल्यावरच्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी आलं आणि त्या पाण्यात रस्त्यावरचं सगळं आलं. पाणी ओसरल्यावर त्यांनी डाळ-तांदळाचे डबे उचलून फेकले. रस्ता आणि स्वयंपाकघर यांच्यात किती अंतर असतं हे त्यांना विचारावं.

तर दुसऱ्या दिवसापासून मी पिशवी घेऊन निघाले. आता घरातला तमाशा ऐका. विहीणबाई चार दिवस आल्या होत्या. जन्म दांडिया बाजारातला, चार पिढ्या बडोद्यातच. त्यांचं मराठी गोड, अधूनमधून गुजराती शिंपडलेलं. त्यांना मी काय करते ते कळलं आणि चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही? या वयात? अहो, आंघोळ करून देवाजवळ बसणाऱ्या बाईने हे हातात घ्यायचं?” मी म्हटलं, हातात नाही, पिशवीत. त्यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, महानगरपालिकेला घरपट्टी भरतो ती कशासाठी? बेळगावहून आमच्या ह्यांचा फोन आला तर तेही हसले. “बडोद्याला जाऊन हाच उद्योग मिळाला का?” घरातल्या कुणालाही कुत्रं सोफ्यावर बसतं याचं काही वाटत नव्हतं. आज्जी खाली वाकते याचं मात्र सगळ्यांनाच वाटत होतं.

मी विचार करत राहिले, की शेणाला आपण असं कधीच म्हटलं नाही. लहानपणी रस्त्यातून म्हैस गेली की आम्ही पोरी पाटी घेऊन मागे धावायचो. ‘हे माझं’ म्हणून त्यावर काडी टोचून ठेवायचो आणि मग दुसरीने ते उचललं तर भांडण. मराठीत शेण, कानडीत सगणी, आणि दोन्ही घरांच्या अंगणात तोच सडा, भिंतीवर त्याच शेणी. ते हाताने उचलून त्याच हाताने भाकरी थापली, हात धुऊन अर्थात. गाय-म्हैस गवत खाते, तिचं शेण जळतं, सारवायला होतं, खत होतं. कुत्रं मांसमच्छी आणि डब्यातलं खातं, त्याच्या शीचा उपयोग काही नाही, घरच्या खताच्या खड्ड्यात घातली तर त्यातले जंतू मरण्याइतकी उष्णताही तयार होत नाही. उपयोग असेल तर ‘माझं’ आणि नसेल तर ‘कुणाचं कोण जाणे’, असा आपला हिशेब आहे. विलायतेत एके काळी तिचाही उपयोग होता. एकोणिसाव्या शतकात लंडनमधली गरीब माणसं रस्त्यावरची कुत्र्यांची शी गोळा करून कातडं कमावणाऱ्यांना विकत, हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. तेव्हा लंडनमध्ये उचलायला माणसं मिळत होती!

तो उपयोग संपल्यावर तिकडच्या लोकांनाही आपल्यासारखंच आभाळ दिसू लागलं असणार, कारण न्यूयॉर्कला १९७८ साली कायदाच करावा लागला की ज्याचं कुत्रं त्याने उचलायचं, नाहीतर दंड. लोक हसले, म्हणाले, हे कोण पाळणार? आज तिथे पिशवी न घेता कुत्रं फिरवणाऱ्याकडे लोक डोळे वटारतात. पॅरिसने वेगळा मार्ग काढला. ऐंशीच्या दशकात शी ओढून घेणाऱ्या मोटारसायकली रस्त्यांवर फिरवल्या. खर्च भरमसाठ आणि मालक होते तसेच, म्हणून त्या पुढे बंद करून दंडाकडे वळावं लागलं. इस्राएलमधल्या पेताह तिकवा गावाने तर २००८ मध्ये कुत्र्यांच्या डीएनएची नोंद ठेवून रस्त्यावरची शी कोणाच्या कुत्र्याची ते हुडकायचा प्रयोग केला. आपल्याकडेही मुंबईत पाचशे रुपये दंडाची तरतूद झाली, नोएडाने २०२२ मध्ये पाळीव प्राण्यांसाठी नियम केले त्यात मालकाने साफ करण्याचं घातलं, शेजारच्या अहमदाबादेत २०२५ पासून पाळीव कुत्र्यांची नोंदणी सक्तीची झाली. कागद तयार होतायत. पण साडेसहा वाजता डीपीजवळ उभा राहून पावती फाडणारा माणूस मला तरी अजून कुठे दिसलेला नाही, आणि मला वाटतं, दिसणारही नाही.

‘भटकी कुत्री करतात त्याचं काय?’ हा प्रश्न मला रोज विचारला गेला. भटक्या कुत्र्यांचा वाद २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन गाजला, तो मोठा विषय आहे आणि मी त्यात पडणार नाही. एवढंच म्हणते, की भटक्याच्या गळ्यात पट्टा नसतो आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस नसतो. आमच्या शेरूच्या असतो. दुसऱ्याचं पोर रस्त्यात बसलं म्हणून आपण आपलं बसवतो का?

सोसायटीची सभा झाली ती या वादावरच. एका बाजूचे म्हणाले, कुत्री पाळायलाच बंदी करा. दुसऱ्या बाजूचे लगेच कायदा घेऊन आले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलं आहे की सोसायटीला कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही. ते खरंच आहे. पण त्याच सूचनांत मालकांना स्वच्छतेची जबाबदारीही घ्यायला सांगितली आहे, तो भाग वाचायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. दोन तास भांडण झालं. शेवटी असं ठरलं की झाडूवाल्या बेनना महिन्याला वर काही पैसे द्यावेत म्हणजे त्या उचलतील. सगळ्यांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही.

पैसे द्यायला माझी ना नाही, पैसे त्यांना कोणत्याही कारणाने जास्त मिळाले तर मला आनंदच आहे. पण त्या ठरावात एक गोष्ट न बोलता बोलली गेली होती, की हे काम करण्याचं माणूस ठरलेलं आहे. बेनना मी पुढे विचारलं, तुम्ही किती वर्षं हे करता? त्या म्हणाल्या, माझ्या सासूनेही रस्तेच झाडले. सुनेलाही हेच करावं लागू नये म्हणून मुलाला शिकवतेय. कारेलीबागेहून कमाटीबाग काही लांब नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी आले होते, अमेरिकेतून शिकून, तेही सयाजीराव महाराजांच्याच मदतीने. पण शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. ज्या पारशी विश्रांतिगृहात ते उतरले होते तिथून त्यांना हाकलण्यात आलं आणि गाडीची वेळ होईपर्यंत ते याच बागेत बसून राहिले. ‘संकल्पभूमी’ म्हणून आता तिथे स्मारक आहे. नातवाला घेऊन मी तिथे गेले होते. कोणी काय शिवायचं आणि कोणी कशाला शिवायचं नाही, हे आपल्याकडे किती जुनं ठरलेलं आहे ते त्या झाडाखाली उभं राहिलं की आठवतं. विहीणबाईंचा प्रश्न काय, नि आमच्या सभेचा ठराव काय, दोन्ही त्याच घरातले.

आपल्या बेळगावकरांनी तरी हे विसरू नये. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे, तिच्यावरून आपण कितीदा जातो. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी उभारणी केली, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या अधिवेशनात संडास-सफाईचं काम स्वयंसेवकांनी केलं आणि त्यांत ब्राह्मण तरुण बरेच होते, हे कमी जणांना माहीत असतं. गांधीजींनी त्याचं मुद्दाम कौतुक केलं. त्या कामावर देखरेख होती काका कालेलकरांची. हे कालेलकर त्याआधी बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक होते. मराठी माणूस, बेळगावच्या मातीतला, पुढे गुजरातीतला मोठा लेखक. बेळगाव-बडोदे असा प्रवास करणारी मी पहिली नाही, आणि दुसऱ्याची घाण साफ करण्यासाठी वाकणारे त्यात आधीच होऊन गेलेत. मला तर आमच्याच कुत्र्याची उचलायची होती.

ती कशी उचलायची ते विचारलंत तर सांगते, कारण मला पहिल्या दिवशी ते जमलं नव्हतं आणि चप्पल धुवायची पाळी आली होती. जुन्या वर्तमानपत्राचा चौकोन घ्यायचा. कुत्रं गोल फिरू लागलं की झटकन मागे सरकवायचा. चार दिवसांत अंदाज येतो आणि मग जमिनीला काही लागतच नाही. तेवढं साधलं नाही तर पिशवी हातमोज्यासारखी हातात घालायची, उचलायचं आणि पिशवी उलटी करून गाठ मारायची. घरी आणून शी शौचकूपात टाकून पाणी सोडायचं हे सगळ्यांत चांगलं, पण कागद-पिशवी त्यात टाकायची नाही, ती नीट गुंडाळून कचऱ्यात. बंगल्याला परसू असेल तर भाजीच्या वाफ्यापासून आणि विहिरीपासून लांब हातभर खोल खड्ड्यात पुरावी. आणि कचऱ्याच्या गाडीत द्यायचीच तर दुहेरी गुंडाळून द्यावी, ओल्या कचऱ्यात मिसळू नये. तो कचरा पुढे कुणीतरी हाताने निवडतं. मग साबणाने हात. कुत्र्याला जंताचं औषध साधारण तीन महिन्यांनी, आपल्या डॉक्टरांना विचारून. आणि टाकण्याआधी एकदा बघायचं. किळस येते, येऊ दे. रंग बदलला, रक्त दिसलं, ते तांदळाचे दाणे दिसले, तर मुक्या जनावराला ते सांगायची दुसरी सोय नाही.

मराठीत म्हणतात कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, कानडीतही ‘नायी बाल डोंकु’. मला आता वाटतं शेपटाची तक्रार पुरे झाली, आपली कंबर वाकत नाही त्याबद्दल एकही म्हण कशी नाही?

पंधरा दिवस मी एकटीच वाकत होते. लोक बघायचे आणि मग आभाळ बघायचे. सोळाव्या दिवशी भिंतीवरची जाहिरात वाचणारे गृहस्थ माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “बा, एक कागद आहे का जास्तीचा?” त्यांना वाकायला त्रास होतो, पाठीचं ऑपरेशन झालंय, हे तेव्हा कळलं. मग ते पत्र्याचं लांब दांड्याचं सुपलं घेऊन आले, कुणीतरी लोहाराकडून करून घेतलेलं. आता ते मोठ्या ऐटीत फिरतात. बाकीच्या चार जणांपैकी एक जण अधूनमधून उचलतात, मी दिसले तर. उरलेल्यांचं आभाळदर्शन चालूच आहे. एका बंगल्यातला कुत्रा फिरवायला नोकर मुलगा येतो. त्याला मी कागद दिला तर तो म्हणाला, शेठने हे सांगितलेलं नाही. त्याचं काय चुकलं? पट्टा त्याच्या हातात, कुत्रा दुसऱ्याचा.

निघायच्या आदल्या दिवशी बेन भेटल्या. डीपीजवळ झाडत होत्या, पुठ्ठा नव्हता हातात. “आजे चोख्खुं छे, बा,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुम्ही गेल्यावर कोण करणार? मी नातवाकडे बघितलं. त्याने आधी आईकडे बघितलं, मग शेरूकडे, आणि हात वर केला. वय वर्षं आठ. लेकीने कॅलेंडरवर पाळ्या लावल्या आहेत. सोमवार-बुधवार नातू, मंगळवार-गुरुवार-शनिवार ती, शुक्रवार आणि रविवार जावई.

दर रविवारी संध्याकाळी फोन होतो. शाळा, अभ्यास, खोकला सगळं विचारून झालं की मी नातवाला हळूच विचारते, “आज यारदु?” एवढं कानडी त्याला मी शिकवून आले आहे. तो म्हणतो, “बाबांची होती.” “मग?” पलीकडे जरा वेळ शांतता असते. मग जावयांचा आवाज येतो, “आई, आज पाऊस होता.”

बडोद्याला फेब्रुवारीत पाऊस पडत नाही. पण जावई आहेत, काय बोलणार.